एम्पोर्दाची सेल्फ-गाइडेड सायकल टूर: रोज हॉटेल बदलायचे पैसे कशाला?

ठाण्या-नवी मुंबईच्या सायकल ग्रुपांत युरोपचा विषय निघाला की कुणीतरी आल्प्सचं नाव काढतं आणि निम्मी मंडळी तिथेच गळतात. चढ नको, गर्दी नको, जुनी गावं बघायची आणि संध्याकाळी पाय शाबूत हवेत, असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी एम्पोर्दाकडे बघावं. स्पेनच्या ईशान्य टोकाला, जिरोना शहर आणि फ्रान्सची हद्द यांच्यामध्ये पसरलेलं हे मैदान. तेर, दारो, फ्लुव्हिया, मुगा या नद्यांनी आणलेल्या गाळाचं. गहू, मका, सफरचंदाच्या बागा, समुद्राजवळ भातशेती आणि दर पाच-सात किलोमीटरवर दगडी भिंतींचं एखादं मध्ययुगीन गाव.

तिथल्या स्थानिक कंपन्या विकतात ते पॅकेज साधारण सारखंच असतं. भाड्याची ट्रेकिंग सायकल, सहा-सात रात्रींची हॉटेलं, फोनवर रस्ता दाखवणारी जीपीएक्स फाइल, एक मदतीचा फोन नंबर, आणि रोज सकाळी तुमची बॅग उचलून पुढच्या हॉटेलात पोचवायची सोय. गाइड नाही. आमचं मत आधीच सांगतो: प्रदेशाला पाचपैकी पाच, या पॅकेजला तीन. कारण पैशांचा मोठा भाग ज्या गोष्टीसाठी जातो, ती बॅगेची वाहतूक आणि रोजचं नवं हॉटेल, तिची इथे गरजच नाही. इथल्या गावांमधली अंतरंच बघा: पेरातयादाहून उयास्त्रेत पाच-सहा किलोमीटर, पेरातयादाहून पाल्स सात-आठ, पाल्सहून तोरोएया दहाच्या आसपास. एवढ्यासाठी रोज बॅग भरायची आणि नऊच्या आत रिसेप्शनला आणून ठेवायची? पॅकेजवाले मग दिवसाचे 35-40 किलोमीटर भरावेत म्हणून रस्ता उगाच फिरवून नेतात.

त्यापेक्षा तोरोएया दे माँग्री किंवा पाल्सला एकच मुक्काम धरा, सायकल आठवड्याच्या भाड्याने घ्या आणि रोज वेगळा फेरा मारा. बहुतेक कंपन्या असं ‘एका जागेवरून’ पॅकेजही देतात, फक्त ते वेबसाइटवर शोधावं लागतं. ठाण्यातल्या एजंटकडून घेतलंत तर हेच पॅकेज कमिशन लावून मिळतं. थेट ईमेल केलेला बरा.

एका जागी राहण्याचं खरं कारण मात्र वारा आहे. माहितीपत्रकात ‘सपाट’ असं ठळक छापलेलं असतं, त्रामुंतानाचं नाव मात्र शोधून सापडत नाही. पिरेनीज डोंगररांगेकडून उतरणारा हा उत्तरेचा कोरडा, गार वारा. हिवाळ्यात आणि वसंतात जोर जास्त, आणि तोरोएयाजवळच्या माँग्रीच्या डोंगराच्या उत्तरेला तो दक्षिणेपेक्षा जोरात लागतो. फसवणूक अशी की तो येतो तेव्हा आकाश निळंशार असतं आणि पार फ्रान्समधलं 2,784 मीटरचं कानिगो शिखर स्पष्ट दिसतं. खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं, काय झकास दिवस आहे!

आता हिशेब बघा. हवेचा अडथळा सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा नसताना ताशी 15 ने चालवता तेव्हा जेवढा अडथळा असतो, त्याच्या नऊपट अडथळा समोरून ताशी 30 चा वारा असताना त्याच वेगाला होतो, कारण अंगावर येणारी हवा 45 ची झाली. म्हणून तासाला आठ-नऊ किलोमीटर निघाले तरी पुष्कळ समजा. पाम बीच रोडवर दुपारी खाडीच्या वाऱ्यात दामटणाऱ्यांना याची थोडी चव असते, पण तिथे दहा किलोमीटरमध्ये रस्ताच संपतो. हॉटेल ठरलेलं असेल आणि ते उत्तरेला असेल, तर दिवसभर तोंडावर वारा खाण्यावाचून इलाज नाही. मुक्काम एका जागी असेल तर सकाळी ताजे असताना वाऱ्याच्या तोंडावर जा, जेवून पाठीवर वारा घेत परत या. फारच जोर असेल तर दक्षिणेला ला बिस्बाल, क्रुईयेस, मोनेल्स अशी आतली बाजू धरा. मेतेओकात ही कातालुन्याची (एम्पोर्दा ज्या प्रांतात येतं त्याची) हवामान संस्था वाऱ्याचे इशारे देते, आदल्या रात्री तेवढं बघून फेरा ठरवावा. शेतांच्या उत्तर कडेला सायप्रसच्या झाडांच्या उंच ओळी दिसतात, त्या शोभेच्या नाहीत. वाऱ्यापासून बागा वाचवायला लावलेल्या आहेत. त्यांच्या आडोशाने जाणारी वाट नकाशात सापडली तर तीच घ्या.

उन्हाळ्यात उलट प्रकार, दुपारी दक्षिणेकडून गार्बी वाहतो. तो मवाळ असतो. जुलै-ऑगस्ट मात्र सोडाच. ऊन तर आहेच, शिवाय समुद्राकडच्या रस्त्यांवर गाड्यांची रीघ. एप्रिल ते मध्य जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चांगले महिने.

सायकल बुक करताना मॉडेलच्या नावापेक्षा टायर किती रुंद ते विचारा. वाटा निम्म्या डांबरी, निम्म्या मुरुमाच्या. 28 मिलिमीटरच्या रोड टायरवर हाल होतात, 38-40 योग्य. साधारण 70 किलो वजनाच्या माणसाला 45 ते 50 पीएसआय हवा पुरते. दुकानदार बऱ्याचदा ठासून भरून देतात, मग मुरुमावर मनगटं बधिर होतात. उंची कळवून फ्रेमचा साइज लेखी घ्या. पाच फूट दोन इंचाच्या बाईला ‘मीडियम चालेल’ म्हणून मोठी सायकल गळ्यात मारली जाते, आणि तिसऱ्या दिवशी मान-खांदे बोलू लागतात. सवयीची सीट इथून न्यायला काहीच हरकत नाही, दोन मिनिटांत बदलते. पेडल नेणार असाल तर डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, हे विसरून जोर लावू नका, क्रँकचे, म्हणजे पेडलच्या दांड्याचे, आटे जातात.

ताब्यात घेताना ब्रेक बघा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिथे डाव्या हाताला. घाईत डावा जोरात दाबला की पुढचं चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून जातो. त्यातून गाड्या उजवीकडून, सर्कलला वळसाही उलटा. पहिला अर्धा तास गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर घालवावा. व्हॉल्व्ह बहुधा प्रेस्टा, म्हणजे टोकाची बारीक चकती सैल करून एकदा दाबल्याशिवाय हवा जात नाही.

पंक्चरचं मुख्य कारण ओळखीचंच आहे: सराटे. आपल्या माळरानावर पायात घुसतात तेच गोखरूचे काटे तिथेही उन्हाळ्याच्या शेवटी वाटांच्या कडेला पसरलेले असतात. कडेला थांबून फोटो काढलात की निघण्याआधी दोन्ही टायरांवरून नजर फिरवा. रुतलेला काटा लगेच उपटून काढला तर बऱ्याचदा ट्यूब वाचते. दोन ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप सायकलवर हवेतच. मदतीच्या नंबरावर फोन केला तरी व्हॅन यायला दीड-दोन तास लागू शकतात.

भाताचा पट्टा पाल्स आणि तोरोएयाच्या मधला. आपल्यासारखं पावसावर नाही, तेर नदीच्या पाटाच्या पाण्यावर. मे महिन्यात खाचरं पाण्याने भरलेली, सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणी. पाटाच्या कडेच्या वाटा एकदम सपाट आणि निवांत, पण पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकू नका. चिकणमाती मडगार्ड आणि टायरच्या फटीत गच्च बसते आणि चाक फिरेनासं होतं. जीपीएक्स फाइलला ते कळत नाही. फाइल बऱ्याचदा सी-31 या मोठ्या रस्त्यावरही नेऊन सोडते, तेव्हा आधी नकाशावर तपासून तो तुकडा ग्वाल्ताकडून वळवून घ्या. संध्याकाळी खाचरांजवळ डास, हे उरणवाल्यांना वेगळं सांगायला नको.

गावांत पेरातयादा पहिलं. तटाभोवतीचा खंदक खणलेला नाही, सरळ खडकात कोरलेला आहे, आणि गल्ल्यांच्या दगडी फरशीवर गाड्यांच्या चाकांच्या जुन्या चाकोऱ्या दिसतात. त्या चाकोरीत टायर अडकतो, उतरून चालावं. उयास्त्रेतला रोमनांच्या आधीच्या इबेरियन लोकांची तटबंदीची वस्ती आणि संग्रहालय आहे; शेवटची टेकडी छोटी पण पायाला जाणवते. तोरोएयाहून बेल्काइरेमार्गे लेस्काला गाठलं की जवळच एम्पुरिएस. इसवी सन पूर्व 575 च्या सुमारास ग्रीक व्यापाऱ्यांनी वसवलेलं बंदर, इसवी सन पूर्व 218 मध्ये रोमन सैन्य इथेच उतरलं, 1908 पासून उत्खनन चालू. याला अर्धा दिवस द्या. पाल्स फोटोत जास्त चांगलं दिसतं. फ्लासा स्टेशनजवळच्या पूबोलला चित्रकार साल्वादोर दालीने बायको गालाला दिलेला वाडा आहे, ती तिथेच पुरलेली आहे.

जेवणाचं वेळापत्रक पाळा. दुपारी एक ते साडेतीन, रात्री साडेआठनंतर. मधल्या वेळात किचन बंद. शाकाहारी मंडळींनी ‘सिन कार्ने’ (मांस नको) एवढंच म्हणून थांबू नये, कारण हॅम आणि ट्यूना यांना बरेच वाढपी मांसात धरत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ (मांस, मासे, हॅम नको) असं तिन्ही म्हणा. भाताचे पदार्थ बहुधा माशांच्या रश्श्यात शिजवलेले असतात, तिथे नाद सोडलेला बरा. भाजलेल्या वांगी-सिमला मिरचीची एस्कालिवादा आणि टोमॅटो चोळलेला पाव, यावर दिवस निभतात. रविवारी दुकानं बंद, सोमवारी बरीच रेस्टॉरंटं.

कायद्याचं थोडक्यात: गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं, सायकल चालवताना कानात हेडफोन चालत नाहीत, आणि वाईनची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. गाडीवाल्याने ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर ठेवायचं असतं आणि तिथले लोक ते खरंच ठेवतात. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर चालवणाऱ्याला मागे शांतपणे थांबलेली गाडी पहिल्यांदा भीतीदायकच वाटते.

शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना 90 युरो. त्यासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतोच, पण घेताना त्यात भाड्याच्या सायकलवरची दुखापत धरलेली आहे का, हे पॉलिसीच्या कागदात वाचून घ्या. स्वस्त पॉलिसींत ती ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेली असू शकते.