बोटांच्या ठशांवरून ‘करिअर रिपोर्ट’: पैसे देण्याआधी हे वाचा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या तालुक्यांतून हा धंदा शाळेच्या दारातून आत शिरतो. नाव ‘डीएमआयटी’ (डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट) असतं, कुठे ‘ब्रेन मॅपिंग’, कुठे नुसती ‘शास्त्रीय करिअर चाचणी’. नववी-दहावीच्या मुलांच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे आणि मुलानं सायन्स घ्यावं की आर्ट्स, डॉक्टर व्हावं की इंजिनिअर, हे छापून द्यायचं. यात पालक दोनदा फसतो. आधी दोन-तीन हजारांना, मग लाखभराला. दुसरी फसवणूक पहिलीच्या जोरावर होते.

वेळ बरोबर साधलेली असते. कापूस विकून घरात पैसा आलेला, दहावीची परीक्षा तोंडावर. पालकसभा शाळेतच होते, मुख्याध्यापक शेजारी बसलेले असतात, त्यामुळे ही चाचणी सरकारी किंवा बोर्डाचीच असावी असं पालकाला वाटतं. माणूस येतो पुण्या-नाशिकच्या थाटात, पण बोलतो घरचं, अहिराणीत: ‘आप्पा, तुमना पोर्‍यामा दम शे, फक्त दिशा पाहिजे.’ एवढ्यावर निम्मी सभा फॉर्म भरते.

टेबलावर रेशन दुकानात असतो तसाच स्कॅनर असतो. प्रत्येक बोट तीनदा टेकवतात: मधून, डाव्या कडेनं, उजव्या कडेनं. आठ-दहा दिवसांनी तीस-चाळीस पानी रंगीत रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येतो.

त्या रिपोर्टातलं एकच पान नीट पाहा, ‘आठ बुद्धिमत्तां’च्या आठरंगी चकतीचं. ‘तार्किक-गणिती 11.84 टक्के, भाषिक 13.02 टक्के’ असं काहीतरी तिथं लिहिलेलं असतं. दशांशाची दोन स्थळं पाहून पालकाचा विश्वास बसतो. पण आठ भागांची बेरीज शंभर करायची म्हटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी साडेबाराच येतात. वरच्या दोन आकड्यांत एक-सव्वा टक्क्याचाच फरक आहे, आणि तोही मुलाच्या स्वतःच्याच रेषांच्या वाटणीतला. वर्गातल्या इतर मुलांच्या तुलनेत तो कुठे आहे, हे त्या आकड्यात नाही. त्याला गणित येतं की नाही, हेही नाही. एकही गणित त्याला कुणी घातलेलं नसतं!

हे आकडे येतात रेषा मोजून. आपल्याकडे ज्यांना शंख आणि चक्र म्हणतात त्याच या खुणा. रेषा जिथे फाटतात तो त्रिकोणी बिंदू आणि ठशाचा मध्य, यांच्यामध्ये किती रेषा येतात ते मोजतात. ठशांच्या या अभ्यासाला 1926 साली डर्मॅटोग्लिफिक्स हे नाव मिळालं आणि तो अभ्यास खरा आहे. पोलीस तपासात ठसे लागतात, डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात स्थितींत तळव्याच्या रेषा वेगळ्या आढळतात. पण तिथून ‘कॉमर्स घ्या’पर्यंत जायला कुठलाही पूल नाही. विक्रेता सांगतो की गर्भात त्वचा आणि मेंदू एकाच थरातून तयार होतात, म्हणून ठशांत मेंदू दिसतो. थर एकच आहे हे खरं. पण केस, नखं आणि दातांवरचं कवचही त्याच थरातून येतं, आणि नखं पाहून शाखा निवडा असं कुणी म्हणत नाही. ‘आठ बुद्धिमत्ता’ ही कल्पना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या 1983 सालच्या सिद्धांतावरून उचललेली आहे (तेव्हा त्या सात होत्या, आठवी नंतर जोडली). त्या सिद्धांतात बोटांच्या ठशांना जागाच नाही.

तरीही रिपोर्ट वाचून आई म्हणते, ‘अगदी असाच आहे हो आमचा.’ कारण वाक्यंच तशी असतात: ‘मूल हुशार आहे पण एकाग्रता कमी पडते’, ‘प्रेमानं सांगितलं तर ऐकतं’. वर्गातल्या चार मुलांचे रिपोर्ट नावं झाकून अदलाबदल करा आणि पालकांना वाचायला द्या. बहुतेकांना दुसऱ्याच्या मुलाचा रिपोर्टही आपल्याच मुलाचा वाटेल.

इथपर्यंत नुकसान दोन-तीन हजारांचं. मोठा घाव ‘समुपदेशना’त बसतो. आई-वडील दोघांनी यायलाच हवं, अशी अट असते. रिपोर्टातली एखादी क्षमता ‘सुप्त’ निघते आणि ती जागी करायला अकरावी-बारावीचं पॅकेज, फाउंडेशन कोर्स किंवा मेंदू ‘जागा’ करण्याचा दावा करणारं ‘मिडब्रेन’ शिबिर पुढे केलं जातं. पैसे नाहीत म्हटलं तर ‘बिनव्याजी हप्ते’ हजर. पालकाचं आधार, पॅन, एक सेल्फी आणि मोबाइलवर आलेले दोन-तीन ओटीपी घेतात. एक ओटीपी केवायसीचा, एक कर्जकराराचा, एक बँकेतून हप्ता कापायच्या नॅच मँडेटचा. पालकाला वाटतं आपण प्रवेश घेतला. प्रत्यक्षात त्याच्या नावावर वित्तकंपनीचं कर्ज चढतं आणि फीची रक्कम संस्थेच्या खात्यात जाते. मुलानं दोन महिन्यांत क्लास सोडला तरी हप्ते थांबत नाहीत. हप्ता चुकला की नोंद सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात जाते, आणि मे-जूनमध्ये खरिपाच्या कर्जासाठी बँकेत गेल्यावर ती समोर येते. शेतकऱ्याच्या घरात यासारखा घात नाही.

पैशाहून जास्त वाईट एक गोष्ट होते. ‘डावा मेंदू कमी’, म्हणजे गणित-तर्क कच्चा, असं वाचून चांगली चालणारी मुलगी अकरावीत गणित सोडते. बारावीनंतर एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट तिला बंद होतो, म्हणजे त्या वाटेनं इंजिनिअरिंगही बंद. एका चकतीवरून हे व्हायला नको.

खऱ्या अभियोग्यता (अॅप्टिट्यूड) चाचणीत मूल स्वतः प्रश्न सोडवतं. आकडे, शब्द, आकृत्या, यंत्रांची चित्रं असे वेगवेगळे भाग असतात, आणि गुणांची तुलना त्याच वयाच्या मुलांशी होते. एनसीईआरटी आणि सीबीएसईची ‘तमन्ना’ ही सात भागांची चाचणी अशीच आहे. आपल्या राज्यातही 2016 पासून काही वर्षं दहावीची कलचाचणी शाळेतच मोफत होत असे. या चाचण्यांनाही मर्यादा आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या मुलानं जे काम कधी पाहिलंच नाही, त्यात त्याचा कल दिसणार कसा? म्हणून चाचणीपेक्षा आधी त्याला आयटीआयचं वर्कशॉप, तंत्रनिकेतन, भुसावळचं रेल्वेचं काम, एखादी प्रयोगशाळा दाखवून आणणं जास्त उपयोगाचं. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आयटीआयनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची सोय आहे. ही माहिती सरकारी प्रवेश पुस्तिकेत मिळते, जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रातही विचारता येते.

शाळेत कुणी चाचणी घेऊन आलं तर लेखी उत्तर मागा: मूल काय सोडवणार आहे? चाचणी मराठीत कोणत्या इयत्तेच्या किती मुलांवर तपासली आहे? समुपदेशकाची मानसशास्त्रातली पदवी कोणत्या विद्यापीठाची? ‘परदेशी पेटंट सॉफ्टवेअर आहे’ हे उत्तर नव्हे. मुख्याध्यापकांनी परवानगी देताना विद्यार्थ्यामागे शाळेला काही मिळतं का, हे पालकसभेतच सांगावं.

पैसे अडकले असतील तर त्याच दिवशी प्रवेश रद्द करत असल्याचा ईमेल संस्थेला आणि वित्तकंपनीला, दोघांनाही पाठवा. फोनवरचं बोलणं पुढे पुराव्याला टिकत नाही. डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ‘कूलिंग ऑफ’ मुदत असते. ती किती दिवसांची ते कर्जाच्या ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये, म्हणजे मुख्य अटींच्या तक्त्यात पाहा. या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. रागाच्या भरात हप्ता बंद करू नका, सिबिल तुमचंच खराब होतं. वित्तकंपनीनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा क्रमांक 14448. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या कोचिंग मार्गदर्शक सूचनांत, मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याची उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत द्यावी असं म्हटलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, पण तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते. पावती, सभेचं पत्रक, व्हॉट्सअॅपवरचे संदेश आणि तो रिपोर्ट जपून ठेवा. पावतीवर ‘सेमिनार शुल्क’ असं मोघम लिहिलं असेल तर पत्रक अजूनच महत्त्वाचं.

आणि ठसे. मुलाचे दहाही ठसे एका अनोळखी लॅपटॉपवर गेले आहेत, ते पुसल्याचं लेखी मागा. शिष्यवृत्तीचं खातं आधारला जोडलेलं असेल तर नक्कल केलेल्या ठशावरूनही पैसे काढले जाऊ शकतात. आधारच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर मुलाचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला लागतो. नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो जोडून घ्या.