कस्टडी की गार्डियनशिप: अमेरिकेतल्या स्थलांतरित मुलासाठी राज्याच्या कोर्टात कोणता अर्ज करावा?

आई-वडिलांपैकी एकाने जरी मुलाला टाकलं असेल, छळलं असेल किंवा त्याची हेळसांड केली असेल, तर 'स्पेशल इमिग्रंट जुवेनाइल' म्हणजे एसआयजे दर्जातून त्या मुलाला ग्रीन कार्डाचा मार्ग मोकळा होऊ शकतो. २००८ च्या दुरुस्तीपासून दोन्ही पालक दोषी असण्याची गरज उरलेली नाही. मात्र सुरुवात राज्याच्या कोर्टातून होते. मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं, संबंधित पालकाकडे परत जाणं का शक्य नाही आणि मायदेशी पाठवणं मुलाच्या हिताचं का नाही, हे कोर्टाने लिहून द्यावं लागतं.

अर्ज करणारं माणूस कोण, यावर बरंचसं ठरतं. आई मुलाजवळ आहे आणि वडील बेपत्ता किंवा मारझोड करणारे आहेत, तर फॅमिली कोर्टात एकट्या आईच्या कस्टडीचा (मुलाच्या ताब्याचा) अर्ज सरळ पडतो. मूल मामा, मावशी किंवा काकांकडे असेल तर गार्डियनशिप (कायदेशीर पालकत्व). तिथे घराची आणि पार्श्वभूमीची चौकशी जास्त होते. न्यूयॉर्कमध्ये घरातल्या प्रत्येक प्रौढाचं नाव बालछळाच्या नोंदवहीत तपासलं जातं, त्यामुळे सोबत राहणाऱ्यांना आधीच कल्पना द्या. तिथे खुद्द आई किंवा वडीलही आपल्याच मुलाचे गार्डियन होऊ शकतात, आणि वय वाढलेल्या मुलांच्या बाबतीत याचा मोठा उपयोग होतो.

कारण खरी कसोटी वयाची आहे. कॅलिफोर्नियात कस्टडी १८ व्या वर्षी संपते. गार्डियनशिप मात्र २०१६ पासून १८ ते २० वयाच्या तरुणांनाही, त्यांच्या संमतीने, मिळू शकते. न्यूयॉर्कमध्येही संमतीने २१ पर्यंत. टेक्ससमध्ये साधारणपणे १८ व्या वाढदिवसाआधीच आदेश हातात हवा. म्हणून मूल १७ च्या पुढे गेलं असेल, तर आधी राज्याची वयोमर्यादा पाहा आणि मगच अर्जाचा प्रकार ठरवा. १८ खालच्या मुलाने त्या राज्यात सहसा सहा महिने काढलेले असावे लागतात.

दोन्ही मार्गांत वेळ खातं ते नोटीस बजावणं. पालक भारतात असतील तर परदेशात नोटीस बजावण्याच्या हेग करारानुसार थेट टपालाने बजावणी भारताला मान्य नाही. ती दिल्लीच्या विधी मंत्रालयामार्फत जाते आणि महिनोन्‌महिने लागतात. गार्डियनशिपला पालकाची हरकत नसेल, तर कॅलिफोर्नियात जीसी-२११ फॉर्मवर संमती आणि नोटीस-माफीची सही घ्या. बराच काळ वाचतो.

सगळ्यात जास्त घोटाळा आदेशाच्या मजकुरात होतो. नुसतं 'अमुक यांना गार्डियन नेमलं' एवढ्याने भागत नाही. वर सांगितलेले निष्कर्ष, राज्याच्या कायद्याची कलमं आणि त्यामागच्या घटना (केव्हापासून पैसे पाठवले नाहीत, केव्हा संपर्क तुटला) स्पष्ट हव्यात. नाहीतर इमिग्रेशन खातं पुरावे मागत बसतं. कॅलिफोर्नियात गार्डियनशिपला जीसी-२१० या मूळ अर्जासोबत एसआयजे निष्कर्ष मागणारा जीसी-२२० जोडतात, कस्टडीत त्यासाठी एफएल-३५६ लागतो. न्यायाधीशाच्या सहीसाठी निष्कर्षांचा मसुदा स्वतः तयार करून न्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये 'गार्डियनशिप ऑफ सॉल एच.' निकालात सांगितलं की पालकांना दोषी ठरवल्याशिवायही निष्कर्ष देता येतात. वकिलाने याचा आधार घ्यावा.

आदेश मिळताच आय-३६०, म्हणजे इमिग्रेशन खात्याकडचा एसआयजे अर्ज, भरा, वय २१ होण्याआधी. रांगेतला क्रमांक त्याच तारखेपासून लागतो आणि एसआयजे ज्यात मोडतो त्या संपूर्ण ईबी-४ प्रवर्गात वर्षाला साधारण ९,९४० व्हिसा असतात, त्यामुळे प्रतीक्षा वर्षांची असते. अर्ज मंजूर होईपर्यंत मुलाने लग्न करता कामा नये. आणि मुलामार्फत आई-वडिलांना, अगदी सांभाळणाऱ्या आईलाही, पुढे कधीच ग्रीन कार्ड मिळत नाही.

केवळ शाळा किंवा ग्रीन कार्डासाठी भाच्याचं पालकत्व घेण्याचा विचार असेल, तर हा मार्ग नाही. छळ, हेळसांड किंवा त्यासारखं कारण हवंच, आणि त्यापासून संरक्षण मिळवणं हा कोर्टात जाण्याचा एक मुख्य हेतू असावा लागतो. मूल अजून भारतातच असेल तर एसआयजे लागू होत नाही. मग हेग दत्तकप्रक्रियेचा, म्हणजे 'कारा' या भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या मार्गाचा, वेगळा विचार करावा लागतो.