एस्टीमच्या ड्रॅग इंजिनातील कॅमशाफ्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्याकडे मारुती एस्टीम आहे आणि ती आता फक्त ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीसाठीच राखलेली आहे. रस्त्यावर ती धावत नाही, ट्रेलरवर जाते आणि ट्रेलरवरच परत येते. इंजिन सुझुकीचे जी-१३-बीबी, म्हणजे ७४ मिलिमीटर बोअर, ७५.५ मिलिमीटर स्ट्रोक, १२९८ सीसी आणि एकाच कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टवर) चालणारे सोळा व्हॉल्व्ह. टर्बो नाही, नायट्रस नाही. पिस्टन बदलून कॉम्प्रेशन १०.८ केले आहे, थ्रॉटल मोठा केला आहे आणि मूळ ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) जागी प्रेशर सेन्सरवर चालणारा स्वतंत्र ईसीयू बसवला आहे. या इंजिनात मी आजवर दोन कॅम वापरले. हा अनुभव मुख्यतः दुसऱ्याचा आहे. परंतु पहिल्याची हकिकत सांगितल्याशिवाय दुसरा का निवडला हे कळणार नाही.

पहिला कॅम मी आकडा पाहून घेतला, हे प्रांजळपणे सांगतो. ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) ३०४ अंश असे छापलेले होते आणि मला तेवढे पुरेसे वाटले. तो आकडा व्हॉल्व्ह किती उचलला गेल्यापासून मोजला आहे, हे मात्र कॅमसोबतच्या कार्डावर कुठेही लिहिलेले नव्हते. नंतर मी स्वतः डिग्री व्हील (अंशांची चकती) लावून १ मिलिमीटर लिफ्टपासून मोजले तेव्हा ते २५२ अंश भरले. दोन विक्रेत्यांच्या ‘३०४’ मध्ये पंधरा-वीस अंशांचा फरक सहज असू शकतो, म्हणून १ मिलिमीटरवरचा किंवा ०.०५० इंचावरचा आकडा मिळाल्याशिवाय तुलना करू नये. शिवाय हा कॅम जुन्याच शाफ्टवर पुन्हा घासून तयार केलेला होता. अशा कामात लोबचा (कॅमवरच्या उंचवट्याचा) पायाचा गोल लहान होतो, टॅपेटचे (व्हॉल्व्हची फट जुळवण्याचे) स्क्रू बरेच बाहेर काढावे लागतात आणि रॉकर, म्हणजे लोबची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारा दांडा, व्हॉल्व्हच्या टोकावर तिरका पडतो. माझ्या दोन व्हॉल्व्हच्या टोकांवर त्याची खूण एका बाजूला सरकलेली दिसली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

गाडी कशी चालली ते सांगतो. आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) १४०० आरपीएमच्या खाली टिकत नव्हते. इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या गॅरेजमध्ये ती सुरू केली की वरच्या मजल्यावरचे काका खिडकीतून विचारत, “अहो, गाडीला खोकला झालाय का?” इंजिनाचा व्हॅक्यूम (ब्रेकलाही त्याचीच मदत असते) इतका कमी आणि इतका अस्थिर की ईसीयूला इंजिनावर भार किती आहे हे समजेना, आणि रांगेत उभे असताना ब्रेकचे पेडल दगडासारखे होई. हे सारे मी सोसले असते, कारण ५८०० च्या पुढे इंजिन खरोखर किंचाळत असे. अडचण गिअर बदलताना होती. पहिल्या गिअरमध्ये ७६०० पर्यंत नेऊन दुसरा टाकला की काटा ४२०० च्या आसपास येतो, आणि त्या कॅमला ४२०० वर काहीच येत नव्हते. गाडी जणू दम घेण्यासाठी थांबत असे. अकरा धावांपैकी सर्वात चांगली १५.८ सेकंदांची, आणि पहिल्या ६० फुटांना २.३ सेकंद.

याचे कारण कागदावरच दिसत होते. ३०४ अंशांचे दोन्ही लोब आणि त्यांच्या मध्यांतले अंतर १०४ अंश असेल, तर दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, ९६ अंशांचा होतो, आणि इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला जाऊन गेल्यानंतर ७६ अंशांनी बंद होतो. तोवर पिस्टन वर येऊ लागलेला असतो आणि कमी वेगात आत घेतलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. १०.८ चे कॉम्प्रेशन नावापुरते राहते. गेज लावून सेल्फ मारला तर जेमतेम १३८ पीएसआय येत होते. त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच, म्हणजे हवा आधीच जवळजवळ ५ टक्के विरळ, आणि माळव्याच्या मे महिन्यात ती आणखी पातळ होते.

दुसऱ्या वेळी मी उलट दिशेने गेलो. आधी गिअर बदलताना काटा किती खाली येतो ते पाहिले, मग ४००० ते ७६०० या पट्ट्यात ताकद देईल असा कॅम मागितला. गाडीचे वजन, टायरचा घेर, फायनल ड्राइव्ह, कॉम्प्रेशन आणि पेट्रोलचा ऑक्टेन या सगळ्या गोष्टी कॅम घासून देणाऱ्या ग्राइंडरला लिहून पाठवल्या. एका कॅमच्या इंजिनात हे फार महत्त्वाचे आहे, कारण इनटेक आणि एक्झॉस्टचे लोब एकाच शाफ्टवर असल्यामुळे त्यांच्यातले अंतर घासतानाच कायमचे ठरते. नंतर पुलीने संपूर्ण कॅम पुढे-मागे करता येतो, पण ते अंतर बदलता येत नाही. मला मिळाला तो नव्या ब्लँकवर (आधी न घासलेल्या शाफ्टवर) केलेला, जाहिरातीत २७२ अंश, १ मिलिमीटरवर २३२, लोबांच्या मध्यांतले अंतर १०८ आणि लिफ्ट ९.६ मिलिमीटर. ओव्हरलॅप ५६ अंशांवर आला. किंमत २८,००० रुपये पडली, जी पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे आणि जड वाटते. कार्डावर यावेळीही ड्युरेशन मोजण्याच्या लिफ्टचा उल्लेख अपुरा होता, तो फोन करून विचारावा लागला. एवढ्या पैशात तो छापून यायला हरकत नव्हती.

बसवताना सर्वात जास्त वेळ व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातला क्लिअरन्स तपासण्यात गेला. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले थापली, त्यावर तेलाचा हात फिरवला, हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवले आणि पुन्हा उघडले. मिस्त्रींनी ब्लेडने क्ले मधोमध कापली, तिची सर्वात पातळ जागा व्हर्निअरच्या जबड्यात धरली आणि म्हणाले, “हे बघा, वहीच्या पुठ्ठ्याएवढीच जागा उरली आहे.” इनटेकला १.४ मिलिमीटर भरले. मी इनटेकला किमान २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर धरतो, म्हणून पिस्टनमधले पॉकेट १ मिलिमीटरने खोल करून घेतले. पिथमपूरच्या कारखान्यांमुळे इथे मिलिंगचे चांगले काम करणारे सहज मिळतात. टक्कर पिस्टन अगदी वर असताना, म्हणजे टीडीसीवर, होत नाही, त्याच्या दहाएक अंश अलीकडे-पलीकडे होते, त्यामुळे टीडीसीवर एकदाच मोजून समाधान मानणे धोक्याचे आहे. मूळ स्प्रिंगा ९.६ च्या लिफ्टला वेटोळ्यावर वेटोळे टेकण्याइतक्या दबत होत्या. त्या बदलल्या, आणि पूर्ण लिफ्टवर १.२ मिलिमीटर जागा राहील असे पाहिले.

कॅम डिग्री करताना, म्हणजे त्याचा कोन जुळवताना, टीडीसी पुलीवरच्या खुणेवरून न धरता पिस्टन-स्टॉप लावून दोन्ही बाजूंच्या मध्यावरून काढला. इनटेक लोबचा मध्य कार्डाप्रमाणे टीडीसीनंतर १०८ अंशांवर हवा होता, प्रत्यक्षात ११२ आला. आमचे हेड दोनदा घासलेले आहे. हेड खाली आले की कॅम उशिरा चालतो, त्यातला काही वाटा त्याचा असणार. जुळवता येणाऱ्या पुलीने तो आधी १०८ वर आणला, नंतर धावांच्या वेळेच्या पावत्या पाहून १०६ वर ठेवला. १०४ वर साठ फूट आणखी थोडे सुधारले, पण शेवटच्या शंभर मीटरांत गाडी रेंगाळू लागली. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मी गेलो नाही. पावतीवरचे आकडे मला पुरले.

सुरुवातीची वीस मिनिटे इंजिन २००० ते २५०० वर धरले, आयडलला येऊ दिले नाही, कारण रॉकर लोबवर घासत चालतात आणि त्यांना मिळणारे तेल वेगावर अवलंबून असते. तेल १५डब्ल्यू-५०, झिंक जास्त असलेले.

आठ महिन्यांत ४१ धावा झाल्या. सेल्फवर १७२ पीएसआय येतात, आयडल ९५० वर आहे, काकांनी विचारणे थांबवले आहे. सर्वात चांगली धाव १४.९ सेकंदांची आणि साठ फुटांना २.१. दुसरा गिअर टाकल्यावर गाडी आता थांबत नाही, ओढत राहते. वरच्या टोकाला पहिल्या कॅमची ती किंकाळी नाही, हे मान्य करतो. ७४०० नंतर ताकद ओसरते आणि ७६०० च्या पुढे नेण्यात अर्थ उरत नाही. टॅपेट थंड इंजिनावर इनटेक ०.२० आणि एक्झॉस्ट ०.२५ मिलिमीटर ठेवतो. एकदा दोन्हीकडे ०.०५ वाढवून पाहिले. ड्युरेशन किंचित कमी होऊन खालची ओढ थोडी वाढली, पण आवाजही वाढला, म्हणून परत आणले.

तक्रारी दोन. सातव्या महिन्यात तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचा लॉकनट सैल झाला आणि क्लिअरन्स ०.३१ वर गेला. उघडून पाहिले तर लोबवर चकचकीत पट्टा होता, खड्डा नव्हता, त्यामुळे दोष कॅमचा नसून माझ्या घट्ट करण्याचा मानतो. दुसरी तक्रार स्प्रिंगांची आहे. बसवताना मोजलेला दाब आणि आताचा दाब यांत सुमारे ८ टक्के घट दिसते, आणि शेवटच्या चार धावांत ७५०० जवळ हलके मिसिंग जाणवले. पावसाळ्यात हेड उघडणार आहे तेव्हा स्प्रिंगांचा संच नवा घालणार. कॅम आणि पुलीची खूण आहे तिथेच राहील.