भुसावळात वाफेच्या मॉडेल इंजिनाला कुठलं पाणी? वर्षभर वापरून झालेलं मत

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाई असेल त्यांना खालचं वाचायची गरज नाही. सीलबंद बाटलीतलं बॅटरीचं पाणी नऊ भाग आणि घरच्या आरओचं एक भाग, हे मिश्रण सध्या माझ्या इंजिनात जातं आणि यापुढेही तेच जाईल. पावसाळ्यात त्याऐवजी पावसाचं. बोअरचं आणि सॉफ्टनरचं (कठीण पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं) पाणी बॉयलरपासून लांबच ठेवा.

इंजिन रेल्वेचं, ४५ मिलिमीटर गेजचं (म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर), गॅसवर चालणारं. बॉयलर तांब्याचा, त्यात साधारण २०० मिली पाणी मावतं. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी बघत वाढलेल्या माणसाला नॅरोगेजच आवडणार, त्यामुळे डबेही त्याच धाटणीचे घेतलेत. रूळ गच्चीवर आहेत. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत खेळ आटोपावा लागतो. नंतर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, आणि अशा उन्हात गॅसचा डबा हाताळणं मला तरी पटत नाही.

आता पाणी. आमच्या कॉलनीच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, ८०० च्या पुढे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) ५०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे माणसाला हे पाणी चालतं. बॉयलरची गोष्ट वेगळी, कारण तिथून वाफ निघून जाते आणि क्षार आतच बसतात. हिशोब सोपा आहे: लिटरला ८०० मिलिग्रॅम म्हणजे २०० मिलीत १६० मिलिग्रॅम. पंचवीस वेळा भरलात की चार ग्रॅम क्षार आत गेले. त्यातला बायकार्बोनेटचा भाग तापल्यावर चुना होऊन तांब्याला चिकटतो, बाकीचा पाण्यात दाट होत जातो आणि मग बॉयलर फेसाळून चिमणीतून पाणी थुंकायला लागतो. यावल-रावेरकडे केळीच्या बागेत पांढरे पडून बुजलेले ड्रिपर ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको. तिथे नळीत ॲसिड सोडून काम भागतं. इथे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची भोकं जेमतेम काडी जाईल एवढी आणि झडपेतली गोळी ज्वारीच्या दाण्याहून लहान. एवढासा कण अडकला की काच खोटी पातळी दाखवते, आणि बॉयलर कोरडा पडला तरी कळत नाही.

आमच्या शेजारचे आप्पा वाफेच्या जमान्यात भुसावळ शेडला फायरमन होते. माझ्या हातातला टीडीएस मीटर बघून त्यांनी आधी विचारलं, "हाई काय शे रे भाऊ?" समजावून सांगितल्यावर म्हणाले, "आमच्या इंजिनाला ठरल्या दिवशी वॉशआऊट असायचा. झाकणं उघडायची, पाण्याचा फवारा मारायचा, गाळ काढायचा. तुझ्या बॉयलरला झाकण तरी कुठंय?" खरंच नाहीये. मॉडेलचा बॉयलर सगळीकडून चांदीच्या डाखाने बंद केलेला असतो, आत हात घालायला जागाच नाही. म्हणून जे काय करायचं ते पाणी आत जाण्याआधी.

बॅटरीच्या पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. बाटलीवर 'डिस्टिल्ड वॉटर' लिहिलेलं असलं तरी आत बहुधा डीएम (डिमिनरलाइज्ड) पाणी असतं, म्हणजे वाफ करून ती थंड केलेलं नव्हे, तर रेझिनमधून, म्हणजे क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांमधून काढलेलं. एक रेझिन कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम धरतं, दुसरं क्लोराइड, सल्फेट. भुसावळकरांना हे नवीन नाही, दीपनगरच्या वीज केंद्राच्या बॉयलरलाही डीएम पाणीच लागतं. रेझिन दमलं की ॲसिड आणि कॉस्टिकने पुन्हा ताजं करतात, आणि नंतर नीट धुतलं नाही तर त्याचा अंश पाण्यात उतरतो. मोठ्या प्लांटमध्ये यावर नजर असते. गल्लीतल्या छोट्या पुरवठादाराकडे असेलच असं नाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. एका दुकानातून सुट्टं पाणी घेतलं होतं, घरचा कॅन नेऊन. मीटरवर ४० आलं. आरओच्या पाण्याला एवढं येतंच, म्हणून कुणीही निर्धास्त झाला असता. पण लिटमसचा निळा कागद बुडवला तर सरळ लाल. दुकानात ॲसिडला आणि पाण्याला एकच नरसाळं असावं, असा माझा अंदाज. टीडीएस मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. ती कशामुळे वाहते, हे त्याला कळत नाही. चुन्याचे ४० आणि गंधकाच्या आम्लाचे ४० त्याला सारखेच. तो कॅन संडासात ओतला. तेव्हापासून सीलबंद बाटलीच, तीही आयएस १०६९ छापलेली. ते बॅटरीच्या पाण्याचंच मानक आहे. चांगल्या बाटलीचं पाणी माझ्या मीटरवर दोन-चारच्या वर जात नाही.

मग त्यात आरओचं पाणी कशाला मिसळायचं? दोन कारणं. पहिलं, काही कंपन्या पुस्तिकेत डीएम पाणी वापरू नका असं स्पष्ट लिहितात. अतिशुद्ध पाणी पितळेतलं जस्त ओढून घेतं, असा त्यांचा आक्षेप. मला ही भीती थोडी फुगवलेली वाटते. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून डिस्टिल्ड पाणीही किंचित आम्लधर्मी होतंच, आणि उकळताना तो वायू निघूनही जातो. तरी पितळी फिटिंग बदलण्यापेक्षा चमचाभर आरओ स्वस्त. जस्त गेलेलं पितळ तांबूस दिसतं. मी झडपेचं टोपण काढून भिंगाखाली बघत असतो, आटे अजून पिवळेधमक आहेत. दुसरं कारण पातळीच्या काचेचं. निव्वळ डीएम पाण्याचा थेंब बारीक काचेत चिकटून बसतो आणि मध्ये बुडबुडा अडकतो. थोडे क्षार असले की पाणी सरळ वरखाली होतं. यात फरक लगेच जाणवला.

नुसतं आरओ? माझ्याकडे ५० च्या आसपास येतं, म्हणजे एका भरणीला दहा मिलिग्रॅम. महिन्यातून एखाद्या रविवारी इंजिन काढणाऱ्याला चालून जाईल, गाडी थांबल्यावर उरलेलं पाणी काढून टाकलं तर. मात्र तुमच्या मशीनला मिनरलचं कार्ट्रिज असेल, तर ते कॅल्शियम, मॅग्नेशियम परत घालतं. कच्चं पाणी मिसळणारा टीडीएसचा स्क्रू असेल तर तो बंद करून घ्या. जारच्या पाण्याचा भरवसा नाही, दर जारला आकडा वेगळा.

बंगल्याच्या टाकीवरचा मिठाचा सॉफ्टनर सगळ्यात फसवा. साबणाला फेस छान येतो, वरण पटकन शिजतं, म्हणून पाणी चांगलं वाटतं. पण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं, एकूण क्षार तेवढेच. साका धरत नाही, पण बॉयलर फेसाळतो.

एसीचं पाणी फुकट मिळतं आणि मीटरवर आकडाही बरा येतो. पण एसीच्या आतल्या पत्र्यांवरची धूळ आणि शेवाळ सोबत येतं. शिवाय आपल्याकडे एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी, की बादली भरायला जुलै उजाडतो. तोवर पाऊसच आलेला असतो.

पावसाच्या पाण्याला मी सगळ्यात जास्त गुण देईन. पहिले एक-दोन पाऊस सोडून द्यायचे, हवेतली राख आणि धूळ धुऊन निघू द्यायची. नंतर उघड्यावर स्टीलचं पातेलं ठेवायचं. स्लॅबवरून वाहून आलेलं नको, सिमेंटचा चुना उतरतो. फडक्याने गाळून झाकणाच्या कॅनमध्ये अंधारात ठेवलं की दिवाळी ओलांडून पुरतं, आणि त्यात काही मिसळावंही लागत नाही.

घरी डिस्टिल करायचं तर लिटरमागे पाऊण युनिट वीज धरा. पैशांत परवडतं, पण यंत्र तासन्‌तास चालतं आणि मे महिन्यात स्वयंपाकघरात आणखी एक शेगडी कुणालाच नको असते. मेडिकलमधलं इंजेक्शनचं पाणी उत्तम, पण २०० मिलीसाठी दहा-दहा मिलीच्या वीस कुप्या फोडत बसावं लागतं.

बॉयलरला इलेक्ट्रॉनिक पातळीदर्शक असेल, तर आरओचा भाग वाढवावा लागेल. तो पाण्यातून वीज वाहण्यावर चालतो, आणि निव्वळ डीएम पाण्यात भरलेला बॉयलरही त्याला रिकामा दिसतो.