आवाजासाठी ४०,३०० रुपये दिले, वर गाडीचा कॅटही गेला

चतुर्थीच्या आधी म्हापशाबाहेरच्या एका गॅरेजात मी गाडीचा सायलेन्सर बदलून घेतला आणि लुटला गेलो. लिहायला लाज वाटते. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. पण तो माणूस रोज नव्या गाड्यांचे व्हिडिओ टाकतोय, म्हणून गप्प बसवत नाही.

ठरलं होतं ते 'कॅट-बॅक'. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या 'कॅट'ला, हात लावायचा नाही, फक्त त्याच्या मागचा पाइप आणि मफलर (आवाज दाबणारा डबा) बदलायचा. माल ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, रिमोटवर उघडून आवाज मोकळा करणारा व्हॉल्व्ह आणि वर आरटीओच्या मंजुरीचा कागद. १५,००० यूपीआयवर आगाऊ, २३,५०० रोख. मला बाजारात फटाके फोडत फिरायचं नव्हतं. गावात व्हॉल्व्ह बंद, हायवेला उघडा, एवढीच हौस. कागद मिळणार होता म्हणूनच मी हो म्हटलं. तो कागद आला नाही, येणारच नव्हता. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्येच सांगितलंय. मंजुरीचं नाव काढणाऱ्या गॅरेजातून तिथल्या तिथे निघा.

गाडी घ्यायला गेलो ती संध्याकाळ डोक्यातून जात नाही. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला. त्याने स्कॅनर लावून तो माझ्यासमोर घालवला आणि म्हणाला, "कांयच जावचें ना, पात्रांव (काही होणार नाही, साहेब). पाइप नवीन आहे, सेन्सरला दोन दिवस लागतात." जुना माल पोत्यात बांधून डिकीत ठेवला होता. मी पोतं सोडलं. आत फक्त मागचा डबा. कॅटला हातच लावला नसेल तर इंजिनचा दिवा पेटेल कशाला? एवढा एक प्रश्न विचारायचा होता. पण त्याच वेळी त्याचा पोरगा गाडी रेझ करत होता, तो आवाज छातीत घुमत होता, आणि मी पोतं पुन्हा बांधलं. ती दोन मिनिटं मला परत हवी आहेत.

चार दिवसांनी दिवा पुन्हा आला. 'सेन्सर सफाई'चे १,८०० घेतले. सफाई कसली, कॅटचं काम तपासणाऱ्या मागच्या सेन्सरखाली स्पेसर (पोकळ तुकडा) घालून तो धुरापासून वर उचलला, म्हणजे दिव्याची कटकट मिटली. मग आई गाडीत बसली की तिचं डोकं दुखायला लागलं. पीयूसीत गाडी नापास झाली. सर्व्हिस सेंटरवाल्याने लिफ्टवर घेऊन दाखवलं तेव्हा कॅटच्या जागी नुसता पाइप वेल्ड केलेला, आणि ३०४ म्हणून विकलेल्या मफलरला लोहचुंबक चटकन चिकटला, खऱ्या ३०४ ला तो सहसा चिकटत नाही. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. त्याचा खरा धंदा तो आहे, आवाज हे आमिष. नवीन कॅटचं कोटेशन ६८,७४० रुपये.

चौकीवर गेलो तर "ही आमची हद्द नाही." दुसऱ्या ठिकाणी दीड तास बसवून ठेवलं आणि सांगितलं, "बेकायदा काम तुम्हीच करून घेतलं. तक्रार लिहिली तर आधी तुमची गाडी आत येईल." वाहतूक खात्यात उत्तर मिळालं की गॅरेजं आमच्या अखत्यारीत नाहीत, आणि पीयूसी नसताना गाडी इथवर आणलीच कशी? अहो, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड होतो, तो मला लावा, मी भरतो. पण माझ्या गाडीतून माझा भाग काढून विकला, ही चोरी नाही का? माझी चूक झाली म्हणून त्याची चोरी माफ? गिऱ्हाईक तक्रारीला घाबरणार, हे त्या माणसाला पक्कं माहीत आहे आणि ही सगळी खाती त्याच्या भरवशाला खरी उतरतायत.

बिल म्हणून माझ्याकडे 'मफलर वर्क' लिहिलेली एक चिठ्ठी आहे. तुम्ही असली चिठ्ठी घेऊ नका. कसलंही काम असो, गाडी देण्याआधी खालून फोटो काढा, काढलेला प्रत्येक तुकडा मोजून घ्या, आणि काम चालू असताना चहाला जाऊ नका. मी गेलो होतो.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे. आता पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घालतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. त्याच गॅरेजात तुमची गाडी गेली असेल तर आजच लिफ्टवर चढवून बघा, आणि कॅट नसेल तर मला कळवा. यूपीआयची नोंद एकट्या माझ्याकडे असून भागणार नाही.