साडीच्या आतली ऊब: दिल्लीच्या हिवाळ्यात तीन-साडेतीन महिने मेरिनो, बंडी आणि शाल वापरल्यावर

मी निफाडची. महाराष्ट्रात कडाक्याची थंडी पडली की पेपरात आमच्याकडचा पारा हमखास छापून येतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये बदली होऊन दिल्लीला आले तेव्हा हिवाळ्याची अशी धास्ती नव्हती. पण निफाडची थंडी कोरडी असते. पहाटे बागेत दातावर दात वाजले तरी दहा-अकराच्या सुमाराला ऊन तापतं आणि स्वेटर खुंटीवर जातो. दिल्लीत डिसेंबरअखेर धुकं बसलं की कित्येक दिवस ऊन दिसतच नाही. सकाळी ७ अंश, दुपारी १३-१४, आणि घरातल्या संगमरवरी फरशीवर तर बाहेरपेक्षा जास्त गारठा. हवामान खातं मैदानी प्रदेशात किमान तापमान ४ अंशांवर उतरलं की थंडीची लाट म्हणतं. मला मात्र लाटेपेक्षा हे बिनउन्हाचे दिवस जड गेले.

त्यात मी ऑफिसला रोज साडी नेसते. थंडी आहे म्हणून साडी सोडायची माझी तयारी नव्हती. आमच्या ऑफिसातल्या बऱ्याच जणी नोव्हेंबर लागला की सलवार-कुडत्यावर येतात, चार महिन्यांचा तर प्रश्न, म्हणतात. चार महिने म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा झाला. एवढा काळ माझ्या माहेश्वरी आणि चंदेरी कपाटात पडून राहणार हे मला पटेना. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत साडीच्या आत आणि बाहेर काय काय घालून पाहिलं, ते सविस्तर लिहितेय. महाराष्ट्रातून उत्तरेत बदलीवर येणाऱ्या बायकांना याचा उपयोग व्हावा अशी फार इच्छा आहे. मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिला महिना कुडकुडत गेला नसता.

सुरुवात चुकली ती जाड स्वेटरपासून. आपल्याकडे नाशिक-पुण्याला हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले येऊन बसतात. इथे कश्मीरी गेटच्या बसस्थानकाजवळ त्यांचं मोनॅस्ट्री मार्केट आहे. तिथून छान, जाड विणीचा स्वेटर आणला. ब्लाऊजवर स्वेटर, त्यावर पदर, त्यावर कोट. खांद्यावर पदराच्या चुण्या आणि स्वेटरची वीण मिळून एवढा उंचवटा झाला की कोटाची मधली दोन बटणं लागेनात, आणि मेट्रोत वरची कडी धरायला हात वर जाईना. एवढं करून पाठ आणि कंबर गारच. स्वेटरचा यात दोष नाही. साडीत थंडी शिरते ती ब्लाऊज संपतो आणि नेफा सुरू होतो त्या चार-सहा बोटांच्या जागेतून, आणि स्वेटर तिथे अंगापासून सुटा लोंबत असतो. खालून वारा थेट आत.

त्या रात्री आजीच्या गोधडीचा विचार करत होते. जुन्या मऊ लुगड्यांचे पाच-सहा थर एकावर एक आणि जवळजवळ घातलेले धावदोऱ्याचे टाके. त्यातलं एक लुगडं सुटं पांघरलं तर काहीच ऊब येत नाही. एकत्र शिवली की मात्र त्या थरांमध्ये हवा अडकते, आणि ती अडकलेली हवाच आपल्याला उबदार ठेवते. कापडाचं काम तिला हलू न देण्याचं. मग अंगावरसुद्धा जाड एक घालण्यापेक्षा पातळ तीन घालावेत, सगळ्यात आतला अंगाला चिकटून असावा आणि त्यानंतरचा प्रत्येक जेमतेम बोटभर सैल, असं ठरवलं. पुढची सगळी खरेदी याच हिशेबाने झाली.

सगळ्यात आधी घेतला मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा पूर्ण बाह्यांचा पातळ टॉप. गिर्यारोहक आत घालतात तो, १५० ग्रॅम वजनाच्या कापडाचा (म्हणजे एका चौरस मीटरला १५० ग्रॅम; हा आकडा लेबलवर पाहून घ्या, २०० च्या पुढचा साडीच्या आत जाड होतो). मला एक साधारण २८०० रुपयांना पडला. किंमत ऐकून घरात चर्चा झाली. पण या हिवाळ्यात खर्च केलेल्या पैशांतले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे तेच. ज्यांचं बजेट कमी आहे त्यांनी कोट साधा घ्यावा, जुना वापरावा, पण आतला थर चांगला घ्यावा.

लोकर टोचते ही आपली भीती घोंगडीमुळे आहे. दख्खनी मेंढीची लोकर भरड, तिचे जाड तंतू त्वचेला लागले की वाकत नाहीत, रुततात. साधारण ३० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे तंतू टोचतात असं धरलं जातं. आत घालायच्या मेरिनोचा तंतू १८-१९ मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा बारीक. पहिल्या दिवशी तासभर मानेपाशी जाणीव होत राहिली, नंतर विसरून गेले. तरी सुरुवातीला घाबरून मी त्याच्या आत सुती बनियन घातला होता, आणि ते अगदी उलटं झालं. मेट्रोच्या गर्दीत घाम येतो, सूत तो पिऊन बसतं, आणि केंद्रीय सचिवालयाला उतरून बाहेर धुक्यात आलं की ओला गार बनियन पाठीला चिकटतो. आत नेहमी सुती हवं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे आणि आपल्या हवेत ते योग्यच आहे. इथे जानेवारीत नाही. लोकर अंगाला थेट लागली पाहिजे. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ शोषून घेते तरी ओली लागत नाही, आणि वाफ शोषताना थोडी उष्णताही सोडते. मेट्रोतून बाहेर पडल्यावर नेमकं तेव्हाच हे कामाला येतं.

कृत्रिम धाग्याचे थर्मलही दोन घेतले, तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत. बसून काम करताना तेवढेच उबदार वाटतात आणि लवकर वाळतात. पण संध्याकाळपर्यंत त्यांना वास येतो, रोज धुवावे लागतात. धुक्याच्या दिवसांत काहीच वाळत नाही तेव्हा ही अडचण मोठी. मेरिनो मी तीन-तीन दिवस घातला, रात्री नुसता हँगरवर टांगला, आणि वास आला नाही. आता थर्मल घरात आणि रात्री झोपताना वापरते.

टॉप ब्लाऊजच्या आत घालायचा तर नेहमीचे ब्लाऊज बसत नाहीत, काखेत काचतात. इथल्या मास्टरजींकडून दोन ब्लाऊज एकेक इंच सैल, बिनअस्तराचे शिवून घेतले. नंतर लक्षात आलं की एवढीही गरज नाही. काळा आणि डाळिंबी असे बंद गळ्याचे दोन मेरिनो टॉप घेतले आणि तेच ब्लाऊज म्हणून घातले. टॉप लांब असल्याने नेफ्यात नीट खोचला जातो, आणि ती कमरेची उघडी जागा बंद. मला स्वतःला या हिवाळ्यातलं सर्वांत आवडलेलं रूप हेच: राखाडी माहेश्वरी, काळा बंद गळा आणि त्या काळ्यावर उठून दिसणारी ठुशी. उघड्या गळ्यावर ठुशी नेहमीच घालत आले, पण काळ्या लोकरीवर तिचे मणी वेगळेच चमकतात. डिसेंबरात एका लग्नाला हिरवळीवर, रात्री नऊ वाजता, येवल्याची पैठणी डाळिंबी टॉपवर नेसून गेले. शाल खुर्चीवर ठेवून जेवले. एक काळजी मात्र घ्या. जरीचा काठ विणलेल्या कापडावर घासला की धागा ओढला जातो. खांद्यावर पिन लावताना पदर आणि टॉप यांच्यामध्ये सुती कापडाचा छोटा तुकडा ठेवा.

कमरेखाली मेरिनोचीच लेगिंग, त्यावर सुती परकराऐवजी अंगालगत बसणारा लवचीक परकर. घेराचा परकर आणि लेगिंग एकत्र घातलं तर निऱ्या फुगतात आणि चालताना पायांत येतात. वरचा टॉप लेगिंगमध्ये खोचायचा, लेगिंगचा पाय मोज्यात. हे दोन सांधे बंद झाले की अर्धं काम झालं. पायांच्या बाबतीत मी बरेच दिवस चुकत राहिले. गार फरशीमुळे दोन-दोन मोजे घालून त्याच बुटांत पाय कोंबत होते आणि बोटं आणखी बधिर होत होती. दाबल्यावर मोज्यातली हवाच निघून जाते, रक्तही नीट फिरत नाही. एक लोकरी मोजा आणि अर्धा नंबर मोठा बूट घेतला तेव्हा सुटले.

पिसांची बिनबाह्यांची बंडी घेतली ती जरा साशंक मनानेच. फुगीर जॅकेटं मला साडीवर आवडत नाहीत. ही मात्र पातळ शिवणीची, बिनकॉलरची, घडी करून मुठीएवढ्या पिशवीत जाणारी. पदर नेसून झाल्यावर ती वर घातली तर पदर चुरगळतो आणि साडीचं सौंदर्य झाकलं जातं. म्हणून मी ती टॉपवर घालून त्यावर पदर घेते, निळी बंडी आणि निळाच काठ असा मेळ घालून. छाती आणि पाठ उबदार राहिली की हातांनाही कमी गार लागतं, आणि बाह्या नसल्यामुळे कोटाच्या बाहीत गर्दी होत नाही. पिसं फुलून हवा धरतात, म्हणून वरचा कोट घट्ट असला तर सगळा फायदा जातो. माझा जुना कोट खांद्यात बरोब्बर मापाचा होता. त्याखाली बंडी घातली की दाबून पापड व्हायची. अखेर सरळ कापाचा, पोटरीपर्यंत लांब लोकरी कोट घेतला, बंडी आणि पदर अंगावर असतानाच दुकानात घालून पाहून. कोट नेहमी असाच घालून पाहावा, नुसत्या कुडत्यावर नाही. धुक्याने किंवा पावसाने पिसं ओलसर झाली की बसतात. जानेवारीत दोन दिवस पाऊस झाला तेव्हा बंडी घरीच ठेवली.

शाल आईची, जुनी, पातळ लोकरीची. मेट्रोत उतरवून हातात, रस्त्यावर मानेभोवती दोन वेढे, ऑफिसात मांडीवर. दिवसातून दहा वेळा थर कमी-जास्त करायचे तर शालीइतकं सोपं काही नाही. कोटाच्या आत ती खांद्यावर घेऊ नका, पदरावर आणखी एक उंचवटा होतो. गळ्याशी गुंडाळून टोकं कोटात समोर सरळ सोडली की बटणं लागतात आणि दिसतेही नेटकी.

जानेवारीत आई आली होती. ती नऊवारी नेसते. टॉप हातात घेऊन म्हणाली, "अगं, एवढ्याशा पातळ फडक्यानं काय होणार?" मी म्हटलं, "आई, तू एक दिवस घालून तर बघ." लेगिंगवर काष्टा इतका छान बसला की मलाच नवल वाटलं. काष्ट्यात दोन्ही पाय वेगळे गुंडाळले जातात, परकर लागतच नाही, त्यामुळे खालून वारा शिरायला वाटच नाही. सहावारीवर मी जे चार उपाय केले त्यातले दोन नऊवारीत आपोआप होऊन गेलेले असतात. लोधी बागेत धुक्यात आम्ही तासभर फिरलो. परत आल्यावर तिने टॉप काढला नाही, तसाच घालून झोपली.

आता तक्रारी. काळ्या टॉपला डाव्या खांद्यावर, पर्सचा पट्टा घासतो तिथे, दुसऱ्याच महिन्यात गोळे आले आणि फेब्रुवारीत मसुराएवढं भोक पडलं. पातळ मेरिनो नाजूक असतो हे मान्य करूनच घ्यावा, आणि पर्स हातात धरावी. सुदैवाने दिल्लीत रफूगार मिळतात. बिजनौर जिल्ह्यातलं नजीबाबाद हे शालींच्या रफूचं जुनं गाव, तिथले कारागीर इथे काम करतात. माझ्या टॉपवर भोक कुठे होतं ते आता उजेडात धरूनही सापडत नाही. दुसरी तक्रार दुकानाची. एका दुकानात 'शुद्ध लोकर' म्हणून दिलेल्या लेगिंगच्या आतल्या लेबलवर अर्ध्याहून अधिक अ‍ॅक्रिलिक निघालं. माझं ते वाचायचं राहिलं. आतलं लेबल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

धुताना थंड पाणी, लोकरीचं सौम्य लिक्विड, पाच मिनिटांच्या वर भिजवायचं नाही. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवा पसरून सावलीत वाळवा. टांगला तर ओल्या वजनाने बाह्या लांबतात. एकदा घाईत मशीनमध्ये गरम पाण्याच्या फेरीत गेलेला मोजा भाचीच्या मापाचा होऊन बाहेर आला.

या आठवड्यात सगळं आवरायला काढलंय. कसर लागते ती घामाचे, जेवणाचे डाग राहिलेल्या लोकरीला आधी, म्हणून एकदाच घातलेलं असलं तरी धुऊनच ठेवायचं. डांबराच्या गोळ्यांचा वास मला सोसत नाही. पूर्ण वाळवून, हवाबंद पिशव्यांत भरून ठेवतेय, आणि पावसाळ्यात एकदा काढून झटकणार आहे. डाळिंबी टॉप मात्र वेगळा ठेवलाय. आईचा काल फोन आला होता. द्राक्षं वाचवायला हिवाळ्यात पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, तेव्हा तिला बाबांबरोबर तीनला उठून जावं लागतं. तिला तो त्याच वेळी अंगात हवाय, आणि लेगिंगसकट हवाय.