नुकरा शिंगरू घ्यायचं की पुढं पांढरं होणारं काळं?

पांढरं घोडं पाहिजे म्हणून अकलूजच्या बाजाराला नाहीतर सारंगखेड्याला जाणारी आपल्या कोल्हापूरची बरीच मंडळी शिंगराचा आजचा रंग बघून पैसे मोजतात, आणि शिंगराच्या बाबतीत सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट म्हणजे त्याचा आजचा रंग. पांढरं घोडं मिळायच्या वाटा दोन. एक नुकरा, जे जन्मल्यापासूनच पांढरं असतं आणि खाली कातडी गुलाबी. दुसरं सब्जा, जे जन्मताना काळं, कुमैत (तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपटी आणि काळे पाय) किंवा तांबडं असतं आणि वर्षागणिक पांढरं होत जातं, कातडी मात्र मरेपर्यंत काळीच राहते. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, पण सांभाळायला लई फरक आहे, आणि तो फरक आपल्या हवेत जास्तच जाणवतो.

आधी सब्जा, कारण फसवणूक इथंच जास्त होते. उंदरी राखाडी रंगाचं शिंगरू दाखवून "हे पांढरं होणार बघा" असं सांगितलं जातं, आणि प्रत्यक्षात तसलं शिंगरू बहुतेक वेळा काळं होतं, कारण काळ्या घोड्याचं पिल्लू जन्मताना मळकट राखाडीच असतं आणि तीन-चार महिन्यांनी पहिली लव झडली की खाली काळं निघतं. उलट जन्मतःच एकदम काळंभोर, तकतकीत शिंगरू असेल आणि आई-बापातलं एक सब्जा असेल तर ते पांढरं व्हायची शक्यता जास्त. कुमैताचंही तसंच आहे, साध्या कुमैत शिंगराचे पाय जन्मताना फिकट असतात आणि लव झडल्यावर काळे होतात, पण पाय पहिल्या दिवसापासूनच मोठ्या घोड्यासारखे काळे असतील तर डोळ्यांभोवती नीट बघा. पापण्यांवर आणि डोळ्यांच्या कडेनं पांढरे केस दिसले, म्हणजे चष्मा घातल्यासारखी गोल कड दिसली, की ते सब्जा निघणार समजा.

आई-बापातलं एकही सब्जा नसेल तर शिंगरू सब्जा होऊच शकत नाही, ही खूण सगळ्यात पक्की. सब्जाचा जीन, म्हणजे आई-बापाकडून पिल्लात उतरणारा रंगाचा गुण, एका बाजूनं आला तरी काम करतो, त्यामुळं सब्जा घोडीला साधा नर लावला तर निम्मी शक्यता, आणि घोडीला हा जीन दोन्हीकडून आलेला असेल तर सगळीच पिल्लं सब्जा. फक्त लक्षात ठेवा, आई "पांढरी" आहे एवढं ऐकून भागत नाही. तिची नाकपुडी आणि शेपटीखालची कातडी काळी आहे का गुलाबी हे स्वतः बघायचं, कारण आई नुकरा असेल तर हा सगळा हिशोबच लागू होत नाही.

मग पांढरं व्हायला किती वर्षं लागतात? साधारण सहा ते आठ. मधे गोल गोल चट्ट्यांचा काळ येतो, मला विचाराल तर घोडं तेव्हाच सगळ्यात देखणं दिसतं. काहींच्या अंगावर पुढं बारीक तांबडे ठिपके उठतात आणि ते तसेच राहतात. २००८ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी सब्जा पांढरं होण्याचं कारण शोधलं, एका जीनमधला डीएनएच्या ४,६०० अक्षरांचा तुकडा जास्तीचा छापला गेलेला असतो. २०२४ ला पुढची गोष्ट कळली, तो तुकडा दोनदा असेल तर घोडं हळूहळू फिकं होतं आणि तीनदा असेल तर झपाट्यानं पांढरं. वरातीसाठी घेणाऱ्याला झपाट्यानं पांढरं होणारंच हवं असतं, पण गाठींचा त्रासही त्यातच जास्त. पंधरा वर्षांच्या पुढच्या सब्जा घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांना शेपटीखाली, गुदद्वाराजवळ, ओठांवर काळ्या गाठी येतात. त्या बऱ्याचदा सावकाश वाढतात, पण नंतर पसरूही शकतात, म्हणून वयस्क सब्जा घेताना शेपटी उचलून बघितल्याशिवाय इसार देऊ नका.

आता नुकरा. यात वाट बघायची भानगड नाही, आज दिसतं तेच पुढं दिसणार, म्हणून भाव चढा. पण नुकराही एकाच तऱ्हेचा नसतो. डोळे निळे असतील तर बहुतेक क्रीमचा, म्हणजे रंग फिका करणारा, जीन आई-बाप दोघांकडूनही आलाय. डोळे काळे आणि कातडी गुलाबी असेल तर ते काम वेगळ्याच जीनचं. पैदास करायची असेल तर हे कळायलाच पाहिजे, कारण निळ्या डोळ्याच्या नुकऱ्याला तांबडी घोडी दिली तर पांढरं पिल्लू होतच नाही, बहुतेक सोनेरी होतं. क्रीमचा जीन असा एकाच बाजूनं आलेल्या शिंगराचे डोळे जन्मताना बऱ्याचदा निळसर असतात, कातडीही गुलाबीसर असते, आणि थोड्या दिवसांत दोन्ही गडद होतात. म्हणून आठ-पंधरा दिवसांचं पिल्लू नुकरा म्हणून घेऊ नका, दोन-तीन महिने थांबा.

सांभाळायच्या बाबतीत मात्र माझं मत साफ आहे. शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूला चैत्र-वैशाखात उघड्या माळावर नुकरा बांधला तर नाकाचा शेंडा आणि डोळ्यांच्या कडा भाजतात, त्याला दाट सावली आणि नाकाला झिंक ऑक्साईडचं मलम पाहिजेच. गगनबावडा, राधानगरीकडं आणखी वेगळा ताप, पावसाळाभर चिखलात पाय राहिले की खुराच्या वरची गुलाबी कातडी लवकर सोलवटते आणि खपल्या धरतात. काळ्या कातडीचा सब्जा हे दोन्ही पुष्कळ सोसतो. शेणा-मातीचे पिवळे डाग दोघांनाही पडतात, तिथं सुटका नाही.

अबलख, म्हणजे अंगावर पांढरे आणि रंगीत मोठे चट्टे असलेलं घोडं, घेणाऱ्यांनी एवढंच बघा, आई-बापात सब्जा आहे का. असेल तर रंगीत चट्टे सहा-सात वर्षांत पांढऱ्यात विरून जाऊ शकतात, मग अंग भिजवल्यावर कातडीतनं तेवढे दिसतात.

वरातीला, मिरवणुकीला घोडं हवंय आणि हाताशी सहा-आठ वर्षं आहेत तर सब्जा शिंगरू घ्या, स्वस्तात मिळतं आणि आपल्या हवेत टिकतं. यंदाच्या सीझनलाच पांढरं पाहिजे तर शिंगराच्या मागं न लागता पांढरं झालेलं आठ-दहा वर्षांचं सब्जा घोडं बघा, फक्त गाठी तपासून. नुकरा त्यानंच घ्यावा ज्याच्याकडं पक्की पागा आहे आणि दुपारी जनावर आत बांधायला माणूस आहे. आणि पोरांना बसायला शिकवायला तट्टू पाहिजे असेल तर पांढऱ्याचा नाद सोडा, धनगरांच्या कळपाबरोबर चालणारं भीमथडी जातीचं कुमैत नाहीतर तांबडं तट्टू बघा, उन्हाळ्या-हिवाळ्यात छटा थोडी बदलते पण रंग तोच राहतो. काळ्याला मात्र ऊन आणि घाम लागला की तांबूस झाक येते, ती बघून रंग लावून विकला म्हणून भांडायला जाऊ नका.

मोठी रक्कम असेल तर आयाळीचे किंवा शेपटीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून जीनची टेस्ट करता येते, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाची लॅब ती करते. नाहीतर निदान आई समोर उभी करून दाखवा म्हणायचं, आणि बापाचा फोटो मागायचा, तोही चार वर्षांपूर्वीचा आणि आत्ताचा असे दोन.